ट्रॉलीच्या चाकातील झिजलेले बेअरिंग वेळीच ओळखा

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे ऊसपट्ट्यातील ट्रॅक्टर-ट्रॉलीला चार-पाच महिने विसावा नसतो. शेतातील मऊ रान, खाचखळग्यांचा गाडीरस्ता, डांबरी सडक आणि कारखान्याचा वजनकाटा असा हा फेरा रात्रंदिवस चालू असतो. या धामधुमीत शेतकरी इंजिनाचे तेल पाहतो, टायरमधील हवा पाहतो, रेडिएटरमधील पाणीही पाहतो. परंतु ज्यांच्या आधारे साऱ्या उसाचा भार फिरत असतो, त्या चाकातील बेअरिंगकडे मात्र चाक डगमगू लागेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

भरलेल्या ट्रॉलीचे चाक वाटेत निखळणे ही केवळ दुरुस्तीच्या खर्चाची बाब नव्हे. ट्रॉली एका अंगाला बसते किंवा कलंडते. निखळलेले चाक उतारावरून घरंगळत जाऊन समोरच्या माणसावर आदळू शकते. रात्रीच्या वेळी रस्त्याच्या मध्यभागी अडकून पडलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास दिसत नाही, आणि मग जे घडते त्याची भरपाई कोणत्याही पैशाने होत नाही. शिवाय तोडलेला ऊस शक्य तो २४ तासांच्या आत गाळला जावा लागतो. त्यास उशीर होईल त्या मानाने उसाचे वजन घटते व त्यातील साखरही कमी होते. म्हणजे एका बेअरिंगपायी माणूस, वाहन आणि माल या तिन्हींची हानी संभवते.

समाधानाची गोष्ट अशी की, बेअरिंग बहुधा एकाएकी निकामी होत नाही. आवाज, उष्णता, ढिलेपणा आणि वंगणाचा बदललेला रंग यांच्या द्वारे ते पुष्कळ दिवस आधीपासून सूचना देत असते. या सूचना ओळखण्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. एक जॅक, दोन मजबूत ठोकळे, एक पाना आणि अर्ध्या तासाची सवड एवढ्या साधनांनिशी कोणाही शेतकऱ्यास आपल्या ट्रॉलीच्या प्रत्येक चाकाची परीक्षा घेता येते. ती कशी घ्यावी, हे येथे सांगावयाचे आहे.

बेअरिंगचे कार्य

जुन्या बैलगाडीचे चाक आसावर घासत फिरे. म्हणून गाडीवान गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगून ठेवी आणि लांबच्या वाटेस लागण्यापूर्वी आसाला वंगण घाली. वंगण संपले की गाडी करकरू लागे आणि बैलांना ओढ जड जाई. बेअरिंगमध्ये हे घासणे टाळून त्या जागी लोळण्याची योजना केलेली असते. जड ओंडका फरफटत नेण्यापेक्षा त्याखाली गोल दांडकी घालून तो सरकविणे सोपे जाते, हे आपण जाणतोच. बेअरिंगचे तत्त्वही तेच आहे.

ट्रॉलीच्या चाकाच्या हबमध्ये बहुधा निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे बसविलेली असतात. त्यांपैकी मोठे आतील बाजूस व लहान बाहेरील बाजूस असते. प्रत्येक बेअरिंगचे मुख्य भाग चार होत: आसावर बसणारे आतील कडे, हबमध्ये घट्ट बसणारे बाहेरील कडे, त्या दोहोंमध्ये फिरणारे रोलर आणि रोलरना ठरावीक अंतरावर ठेवणारी पत्र्याची जाळी. आतील बाजूस ऑईल सील असते. ते ग्रीस बाहेर जाऊ देत नाही व पाणी, चिखल आत येऊ देत नाही. बाहेरील बाजूस आसाच्या टोकावर खाचांचा नट, तो फिरू नये म्हणून स्प्लिट पिन आणि सर्वांवर हबची टोपी असते.

रोलर निमुळते कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. चाकावर दोन प्रकारचा भार येतो. एक मालाच्या वजनाचा उभा भार, आणि दुसरा वळणावर किंवा उताराच्या कडेने जाताना येणारा आडवा भार. सरळ रोलरला हा आडवा भार नीट पेलत नाही. निमुळता रोलर दोन्ही भार पेलतो. अमेरिकेतील घोडागाड्यांचे एक कारखानदार हेन्री टिमकेन यांनी या रचनेचे पेटंट १८९८ मध्ये मिळविले. वळणावर गाडीच्या चाकांवर येणारा आडवा भार हाच त्यांच्यापुढील प्रश्न होता. आज आपल्या ट्रॉलीत असलेली ही रचना अशा रीतीने मूळची गाडीच्या चाकासाठीच निर्माण झालेली आहे.

या लहानशा भागास किती श्रम पडतात ते पाहा. चार चाकांच्या ट्रॉलीचे भरलेले वजन ८ टन धरल्यास प्रत्येक चाकावर सुमारे २ टन भार येतो. चाकाचा घेर अडीच मीटर धरल्यास १ किलोमीटर अंतरात चाक ४०० वेळा फिरते. कारखाना २० किलोमीटरवर असेल तर एका खेपेत, फक्त जाताना, ८,००० फेरे होतात. २ टनांचे ओझे घेऊन इतके फेरे फिरणाऱ्या भागात वाळूचा एक कण शिरला तरी तो काय करील याची कल्पना यावरून येईल.

झीज कशामुळे होते

बेअरिंग लवकर झिजण्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण पाणी व चिखल. लांबून आलेल्या ट्रॉलीचा हब तापलेला असतो. ती तशीच ओढ्याच्या पाण्यातून नेली तर हबमधील हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ट्रॉली धुताना पाण्याची जोरदार धार थेट हबवर मारल्यानेही तोच परिणाम होतो.

दुसरे कारण जादा भार. भार वाढला की बेअरिंगचे आयुष्य त्याच प्रमाणात घटते असे नव्हे. ते त्याहून पुष्कळ वेगाने घटते. रोलर बेअरिंगसंबंधीच्या मान्य सूत्रानुसार भार सव्वापट केल्यास आयुष्य निम्म्यावर येते आणि भार दुप्पट केल्यास ते अवघे दहाव्या हिश्श्याएवढे उरते. एका खेपेत जास्त ऊस नेल्याने वाचलेले डिझेल अशा प्रकारे बेअरिंग व टायर यांच्या रूपाने परत द्यावे लागते.

तिसरे कारण नटाची चुकीची कसणी. नट फार ढिला असल्यास रोलर आपटतात. फार आवळल्यास ते तापतात आणि ग्रीस जळून जाते. चाक हलू नये म्हणून नट ताकद लावून आवळण्याची चाल अनेक ठिकाणी दिसून येते. ती घातक आहे.

चौथे कारण पावसाळ्यातील मुक्काम. हंगाम संपल्यावर ट्रॉली चार-पाच महिने एकाच जागी उघड्यावर उभी राहते. ग्रीसमध्ये पाणी शिरलेले असेल तर ज्या ठिकाणी रोलर कड्यावर टेकलेले असतात त्याच ठिकाणी गंजाचे पट्टे उमटतात. पुढील हंगामाच्या पहिल्या खेपेपासूनच हे पट्टे रोलरना खरवडू लागतात. हंगामाच्या आरंभी बेअरिंगच्या तक्रारी येण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

रस्त्यावर दिसणाऱ्या खुणा

आवाज. निर्दोष बेअरिंग जवळजवळ निःशब्द फिरते. झिजलेल्या बेअरिंगमधून घरघर किंवा खरखर ऐकू येते आणि वेग वाढेल तसा तिचा स्वर चढतो. जाळी तुटली असल्यास मधूनमधून कटकट असा आवाज येतो. टायरचाही आवाज असतो; परंतु डांबरी सडकेवरून मुरमाच्या रस्त्यावर गेल्यास टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनापुढे ट्रॉलीच्या चाकाचा आवाज चालकास ऐकू येणे कठीण असते. म्हणून मोकळ्या मैदानात अगदी मंद गतीने रिकामी ट्रॉली चालवावी आणि दुसऱ्या व्यक्तीने सुरक्षित अंतर राखून बाजूने चालत एकेका चाकाकडे कान द्यावा.

माल वाहणाऱ्या पिकअप किंवा जीपच्या बाबतीत वळणाची परीक्षा उपयोगी पडते. वाहन डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर दोष उजव्या चाकात असण्याचा संभव अधिक. याच्या उलट घडल्यास डावे चाक तपासावे. अशा अनेक वाहनांत बेअरिंग व हब यांचा बंदिस्त संच असतो. त्यात कसणीस वाव नसतो. दोष आढळल्यास संपूर्ण संचच बदलावा लागतो.

उष्णता. भरलेली ट्रॉली आठ-दहा किलोमीटर चालल्यावर थांबवावी आणि प्रत्येक हबजवळ हाताची मागील बाजू न्यावी. एकदम तळहात टेकवू नये, कारण बिघडलेला हब भाजण्याइतका तापलेला असू शकतो. हब थोडा कोमट असणे स्वाभाविक आहे. येथे महत्त्व आहे ते तुलनेला. तीन हब कोमट आणि एक चांगलाच गरम असेल तर तो एकच संशयास्पद समजावा. ही परीक्षा सकाळी किंवा सूर्यास्तानंतर करावी. भर उन्हात उन्हाच्या बाजूची चाके आधीच तापलेली असतात व फसगत होते. ट्रॉलीस ब्रेक असल्यास ब्रेक अडकून राहिल्यानेही चाक तापते, हेही ध्यानात ठेवावे.

वंगण. रिमच्या आतील बाजूस ग्रीसचे काळपट ओघळ दिसल्यास सील फाटले आहे असे समजावे. ज्या वाटेने ग्रीस बाहेर येते, त्याच वाटेने पाणी आत जाते. हबची टोपी पडलेली असल्यास तीही तत्काळ बसवावी. प्लास्टिकची पिशवी बांधून काम भागविण्याचा प्रकार पाहावयास मिळतो. त्याने धूळ अडत नाही.

टायर व चाकाची चाल. ट्रॉलीच्या मागे सरळ रेषेत उभे राहून पाहिल्यास ढिल्या बेअरिंगचे चाक वरच्या बाजूस आत किंवा बाहेर कललेले दिसते आणि चालताना डुलते. टायर एका कडेने जास्त झिजते. परंतु वाकलेला आस, वाकलेली रिम, सैल झालेले चाकाचे नट व हवेचा कमी दाब यांमुळेही अशाच खुणा दिसतात. सबब या खुणेवरून निर्णय न घेता पुढील परीक्षा करावी.

जॅकवरील परीक्षा

ही परीक्षा रिकाम्या ट्रॉलीवर, सपाट व टणक जागी करावी. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी आणि ट्रॅक्टरचा हँडब्रेक लावावा. इतर चाकांच्या पुढे व मागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाक जमिनीपासून सुटल्यावर आसाखाली मजबूत ठोकळा द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही ट्रॉलीखाली जाऊ नये.

१. प्रथम चाकाचे सर्व नट पान्याने घट्ट आहेत याची खात्री करावी. असे न केल्यास सैल नटांमुळे हलणारे चाक पाहून बेअरिंगला दोष दिला जातो.

२. एक हात टायरच्या माथ्यावर व दुसरा तळाशी ठेवून चाक आतबाहेर हलवावे. हाताला जेमतेम जाणवेल इतकी हालचाल चालू शकते. डोळ्यांना दिसेल किंवा खटखट ऐकू येईल इतका ढिलेपणा, ज्याला कारागीर प्ले म्हणतात, तो असल्यास बेअरिंग ढिले तरी आहे किंवा झिजलेले तरी आहे.

३. हा ढिलेपणा नेमका कोठे आहे हे ठरविण्यासाठी एकाने चाक हलवावे आणि दुसऱ्याने हब व आस यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. सांध्यातील फट कमीजास्त होत असेल तर दोष बेअरिंगमध्ये आहे. फट स्थिर राहून संपूर्ण आसच हलत असेल तर पाट्यांचे यू-बोल्ट सैल झालेले असावेत. हब स्थिर राहून रिमच हलत असेल तर नट किंवा त्यांची भोके खराब झाली आहेत.

४. नंतर चाक हाताने सावकाश फिरवावे व दुसरा हात हबजवळ आसावर ठेवावा. चांगले चाक लोण्यासारखे मऊ फिरते. झिजलेल्या बेअरिंगची खरखर हातास जाणवते. ती कानापेक्षा हातालाच आधी कळते. मध्येच अडखळणे, अटकणे किंवा कच्च असा आवाज येणे ही गंजाची अथवा उडालेल्या टवक्यांची खूण होय. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आसावर टेकवून त्याची मूठ कानामागील हाडास लावल्यास हा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो. मात्र फिरत्या चाकास त्याचा स्पर्श होऊ देऊ नये.

५. शेवटी चाकाशेजारी जमिनीत एक काठी रोवून ती रिमच्या कडेपासून बोटभर अंतरावर ठेवावी व चाक फिरवावे. हाताने हलविल्यास ढिलेपणा नाही, पण फिरताना हे अंतर कमीजास्त होते, असे दिसल्यास रिम वाकलेली आहे. बेअरिंगवर खर्च करण्याचे कारण नाही.

ट्रॅक्टरच्या पुढील चाकांसही बहुधा अशीच बेअरिंगे असतात. तेथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा. चाक डावीकडून व उजवीकडून धरून हलविल्यावरच ढिलेपणा जाणवत असेल तर तो बहुतकरून स्टिअरिंगच्या सांध्यांतील असतो. वर-खाली धरल्यावर जाणवणारा ढिलेपणा बेअरिंगचा किंवा किंगपिनचा असतो. यांपैकी नेमका कोणता, हे वर सांगितल्याप्रमाणे हबच्या सांध्यावर बोट ठेवून ठरविता येते.

निदानाविना खर्च

निदान न करता खर्च केल्यास काय होते, याचे एक उदाहरण येथे देणे उपयुक्त ठरेल. एका ट्रॉलीमालकाच्या मागील डाव्या चाकाचे टायर आतील कडेने झिजू लागले. टायरच सदोष असावे असे समजून त्यांनी ते बदलले. नवे टायरही थोड्याच दिवसांत तसेच झिजू लागले, तेव्हा त्यांनी डावे-उजवे टायर आपसांत बदलून पाहिले. आता झीज उजवीकडे गेली नाही. डाव्या चाकावर आलेले टायरच आतील कडेने झिजू लागले. दोष टायरमध्ये नसून त्या चाकाच्या जागेत आहे, हे येथेच सिद्ध झाले होते. चाक उचलून पाहिले तेव्हा ते वर-खाली चांगलेच हलत होते. हब उघडल्यावर आतील सील फाटलेले, ग्रीस चिकट गाळासारखे झालेले आणि मोठ्या बेअरिंगच्या कड्यावर टवके उडालेले आढळले. बेअरिंगची जोडी व सील यांची किंमत एका टायरच्या मानाने फारच थोडी असते. चाक उचलून पाहण्याचे काम आधी केले असते तर टायरही वाचले असते आणि हंगामातील अनेक खेपा धोक्यात गेल्या नसत्या.

हब उघडल्यावर काय पाहावे

वरील परीक्षेत दोष दिसल्यास हब उघडावा. आरंभी जुने ग्रीस पुसून न टाकता त्याचेच निरीक्षण करावे. ग्रीस दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. तांबूस असल्यास गंज आहे. थोडे ग्रीस अंगठा व बोट यांमध्ये चोळून उन्हात धरावे. धातूची चमक दिसल्यास किंवा कण टोचल्यास बेअरिंगचा पृष्ठभाग सुटू लागला आहे.

त्यानंतर बेअरिंग डिझेलमध्ये स्वच्छ धुऊन, कोरडे करून उजेडात पाहावे. वाऱ्याच्या नळीने ते गरगर फिरविण्याची गंमत करू नये. वंगणाविना फिरल्याने ते खराब होते, व रोलर सुटून उडाल्यास इजा होते. रोलर व कडी आरशासारखी गुळगुळीत असावीत. कड्यावर खड्डे, उडालेले टवके, रोलरच्या अंतराने उमटलेले पट्टे, अतिउष्णतेने आलेली निळसर वा तपकिरी झाक, किंवा वाकलेली जाळी यांपैकी एकही दोष आढळल्यास ते बेअरिंग पुन्हा वापरू नये. ढिलेपणा असूनही पृष्ठभाग निर्दोष असल्यास केवळ साफसफाई, नवे ग्रीस व योग्य कसणी एवढ्याने काम भागते.

बदलावयाचे झाल्यास आतील व बाहेरील कडे जोडीनेच बदलावे. जुन्या कड्यावर नवे रोलर बसविल्यास नवेही लवकर जातात. दुकानात जाताना जुने बेअरिंग सोबत न्यावे आणि कड्यावर कोरलेला क्रमांक जुळवून पाहावा. मेट्रिक मापाच्या बेअरिंगच्या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणल्यास आतील भोकाचे माप मिलिमीटरमध्ये मिळते. उदाहरणार्थ, ३०२०८ या क्रमांकाचे भोक ४० मिलिमीटर आणि ३२२१० चे ५० मिलिमीटर असते. सील मात्र प्रत्येक वेळी नवेच घालावे.

बसविताना घ्यावयाची दक्षता

हबमधील कडे ठोकताना पोलादी छिन्नी वापरू नये. पितळेसारख्या मऊ धातूची दांडी घेऊन चोहोबाजूंनी थोडे थोडे ठोकत कडे तळापर्यंत बसवावे. चाकाच्या बेअरिंगसाठी असलेले चांगल्या प्रतीचे लिथियम ग्रीस घ्यावे. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहावे. दुसऱ्या बाजूने रोलरमधून ग्रीस बाहेर येऊ लागले म्हणजे ते पूर्ण भरले असे समजावे. नुसते वरून फासलेले ग्रीस रोलरच्या आत पोचत नाही. निरनिराळ्या जातींची ग्रीसे एकत्र करू नयेत, आणि हबची पोकळी ठासून भरू नये. तसे केल्यास हब तापतो व सीलवर दाब येतो.

नट आवळताना चाक सतत फिरवीत राहावे, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. चाक किंचित जड फिरू लागले की आवळणे थांबवावे, आणि नट एका फेऱ्याचा सहावा ते चौथा हिस्सा मागे घेऊन जवळची खाच जुळवावी. ट्रॉलीच्या उत्पादकाने वेगळे माप दिले असल्यास तेच पाळावे. चाक मोकळे फिरावे, पण दिसण्याइतके हलू नये. स्प्लिट पिन दर वेळी नवी घालावी व तिचे पाय नीट वळवावेत. जुनी पिन किंवा खिळा घालून वेळ मारून नेणे म्हणजे चाक निखळण्यास आमंत्रण देणे होय. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर हबची उष्णता व ढिलेपणा पुन्हा एकदा तपासावा.

केव्हा थांबावे

दोष आढळल्यावर कितपत तातडी करावी, हे पुढील तीन पायऱ्यांवरून ठरवावे. किंचित ढिलेपणा आहे, पण खरखर व उष्णता नाही, अशा वेळी पुढील खेप भरण्यापूर्वी कसणी करून घ्यावी. खरखर आहे किंवा एक हब इतरांपेक्षा गरम राहतो, अशा वेळी बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय ट्रॉलीत माल भरू नये. हब हात न लाववण्याइतका तापला, जळक्या ग्रीसचा वास किंवा धूर आला, अथवा चाक डोळ्यांदेखत डुलू लागले, तर ट्रॉली त्याच ठिकाणी रस्त्याच्या कडेला घ्यावी. तापलेल्या हबवर पाणी ओतू नये. मागे पुरेशा अंतरावर परावर्तक किंवा दिवा ठेवावा, आणि माल दुसऱ्या वाहनात उतरवून मगच चाक उचलावे. कारखाना आता दोनच किलोमीटर राहिला, या विचाराने पुढे जाऊ नये. अशा अवस्थेतील बेअरिंगचा एका किलोमीटरचाही भरवसा नसतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना सूचना

खंडेनवमीस शेतकरी आपली अवजारे धुऊन पुसून त्यांची पूजा करतात. पाऊस ओसरलेला असतो व गळीत अद्याप सुरू व्हावयाचे असते. ट्रॉलीची चाके उचलून पाहण्यास याहून चांगला मुहूर्त नाही. कार्यकर्त्यांनी त्या आठवड्यात गावातील एखाद्या मोकळ्या जागी चाक-तपासणीचे प्रात्यक्षिक ठेवावे. एक चांगले व एक झिजलेले बेअरिंग शेजारी ठेवून दोन्ही शेतकऱ्यांच्या हाती द्यावीत. लांबलचक व्याख्यानापेक्षा दोन चाके स्वतःच्या हाताने फिरवून पाहिल्यास हा फरक त्वरित ध्यानात येतो. ऊसतोड मजुरांच्या टायरच्या बैलगाड्याही या तपासणीत घ्याव्यात. तेथे बेअरिंग अडले तर जादा ओढीचा भार मुक्या बैलांवर पडतो, आणि ते तक्रार करू शकत नाहीत.

प्रत्येक ट्रॉलीमालकाने एक लहान वही ठेवावी. तीत प्रत्येक चाकापुढे तपासणीची तारीख, ढिलेपणा, खरखर, उष्णता आणि ग्रीस बदलल्याची नोंद करावी. हंगामात दर पंधरा दिवसांनी चाके उचलून पाहावीत. हब उघडून ग्रीस बदलण्याचे काम हंगामापूर्वी व हंगाम संपल्यावर करावे. ट्रॉली पाण्यातून गेली असल्यास पुढील तपासणीची वाट पाहू नये. पावसाळ्यात ट्रॉली शक्य तो छपराखाली ठेवावी आणि अधूनमधून थोडी पुढेमागे सरकवावी, म्हणजे रोलर एकाच जागी टेकून राहणार नाहीत.

ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्यास धरून नाही आणि सुरक्षितही नाही. तथापि चालक तर ट्रॅक्टरवर असतोच, आणि त्याच रस्त्याने शाळेची मुले, सायकलस्वार व पादचारी नित्य जात असतात. आपल्या चाकाची काळजी घेणे हे त्यांच्याविषयीचेही आपले कर्तव्य आहे. म्हणून ज्यांच्या ट्रॉलीस यंदा अद्याप कोणी जॅक लावलेला नाही, त्यांनी उद्याची पहिली खेप भरण्यापूर्वी चारही चाके एकेक करून उचलावीत, हाताने फिरवून पाहावीत आणि वहीत पहिली नोंद करावी.